आजीच्या लग्नातलं वीतभर कापड

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक कापडी पिशवी आहे. पिशवीत जुनं रेशनकार्ड, आजोबांचा एक फोटो आणि कापडाचा एक तुकडा. तुकडा वीतभर लांब, चार बोटं रुंद. सुती. एकेकाळी पांढराफेक असणार, आता पिवळट पडलाय. एका अंगाला बोटभर काठ आहे. काठाचा रंग घरात सगळे निळा म्हणतात, मला तो करडा दिसतो. उगाच निळा म्हणून मी त्याचं निशाण करणार नाही. तीन बाजू कात्रीनं कापलेल्या, चौथी काठाची.

१९५७ च्या उन्हाळ्यात माझ्या आजीनं लग्नात नेसलेल्या साडीचा हा तुकडा. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आज ती ८४ च्या पुढं आहे, कानानं कमी ऐकते, पण साडीचं विचारलं की सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, इतिहासावर लिहायचं म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखर ह्यावर लिहायचं अशी एक समजूत इथल्या शिकलेल्या लोकांनी करून दिली आहे. आपल्या घरात ताम्रपट कुठून येणार? आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्यांचे ताम्रपट डोक्यावरून वाहिले असतील. म्हणून मी कापडावर लिहितो. हे वीतभर कापड माझ्या घराचा कागद आहे. तो वाचायला मला वेळ लागला. जेवढा वाचता आला तेवढा तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक साधी गोष्ट. गरिबाचं कापड उरत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं काचेआड ठेवलेली आहेत. पैठणी उरते, शालू उरतो. त्यात जर असते, रेशीम असतं, आणि तो वर्षातून दोनदा पेटीतून निघतो. आपल्या बाईचं लुगडं रोज शेतात जातं. विटलं की त्याचं दंड घालून दुसरं लुगडं होतं. त्यातून उरलं त्याची बाळोती, त्यातून उरलं ते गोधडीच्या पोटात, आणि शेवटी चुलीपुढचं पोतेरं. आपल्या आयांनी काय नेसलं ह्याचा पुरावा त्यांनी स्वतःच वापरून संपवला. हौस म्हणून नाही, दुसरं नव्हतं म्हणून. संग्रहालयात आपण दिसत नाही त्याचं हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहेच.

आजीच्या साडीचंही असंच झालं. लग्नानंतर ती दर वर्षी १४ एप्रिलला ही साडी नेसायची. मोठ्या चुलत्याच्या वेळी निम्म्या साडीची दुपटी झाली. उरलेली गोधडीत गेली. गोधडी शिवताना तिनं कात्रीनं एवढा तुकडा बाजूला काढला. का काढला ते पुढं सांगतो.

आता ह्या तुकड्याच्या मागं जाऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच ह्यांनी कसं राहावं ते लिहिलेलं आहे. गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, दागिने लोखंडाचे घालावेत आणि अंगावर मेलेल्यांची वस्त्रं घालावीत. म्हणजे कापड हा नुसता गरिबीचा प्रश्न नव्हता. तो कायदा होता. तुमच्या अंगावर काय असावं हे धर्मानं ठरवून दिलं होतं, म्हणजे लांबूनच माणूस ओळखावा आणि बाजूला व्हावं.

हा कायदा पोथीत झोपून राहिला नाही. आपल्या गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क होता. हक्क! गावच्या मयताची वर्दी पोचवायची, मसणात लाकडं वाहायची, आणि त्याच्या बदल्यात प्रेतावरचं कापड घरी आणायचं. वतन, बलुतं, हाडकी, हाडोळा ह्या सगळ्या गोड शब्दांच्या पोटात हे कापड होतं. आजीची आजी सांगायची की तिच्या अंगावरच्या चोळ्या कित्येकदा अशाच कापडाच्या असत. नदीवर दोनदा धुवायचं, वाळवायचं, शिवायचं. वास जायचा नाही असं ती म्हणायची. वास खरंच राहत होता की मनात राहत होता, ते तिलाच माहीत.

आणि एखाद्यानं स्वतःच्या पैशानं नवं कापड घेतलं तर? त्याचंही उत्तर इतिहासात आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिलं आणि जे त्यांना करू दिलं गेलं नाही, त्यात त्यांनी इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांची हकिकत दिली आहे. जानेवारी १९२८ मध्ये ती वर्तमानपत्रात आली होती. सवर्णांनी बलाईंना अटी घातल्या होत्या. जरीकाठी पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. काठ! एवढ्याशा काठाची त्यांना भीती. मी आजीच्या तुकड्याचा हा बोटभर काठ पाहतो तेव्हा मला बलाईंची ही अट आठवते.

ह्या कायद्याला पहिला जाहीर टोला महाडला बसला. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळाली हे आपण दर वर्षी सांगतो. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते आपण कमी सांगतो. तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती तऱ्हा टाका. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा. गळ्याहातातले कथलाचे ओझ्याचे दागिने काढा. फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा. ह्या अर्थाचं ते बोलले. आणि बायकांनी लगेच तसं लुगडं नेसून दाखवलं. पोथी जाळायला एक घटका लागली. नेसण बदलणं म्हणजे दुसऱ्या दिवशी गावात परत जाऊन, पाटलाच्या नजरेपुढून, तशाच वेषात पाणी आणायला जाणं. ह्या बायकांची सगळी नावं कुठं नोंदलेली नाहीत.

आता गिरणीकडं येऊ. हा तुकडा गिरणीचा आहे आणि मीही गिरणीचाच आहे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेलं सूत सांधणं हे माझं रोजचं काम. म्हणून कापड पाहिलं की माझा डोळा आधी ताण्याबाण्यावर जातो. आजीच्या तुकड्यात काठापासून दोन बोटांवर एका ओळीत बाणा थांबलाय आणि तिथूनच पुन्हा सुरू झालाय. साध्या डोळ्याला दिसत नाही, उजेडापुढं धरलं की दिसतं. तिथं कांडी संपली असणार. साचेवाल्यानं साचा थांबवून धोट्यात नवी कांडी घातली असणार.

कांडी घालायची कशी? जुन्या साच्यांचा धोटा लाकडी, आणि त्याच्या कुशीत एक बारीक भोक. कांडीचं सूत त्या भोकातून बाहेर काढायला साचेवाला धोट्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत ओठांत यायचं. दिवसात अशा किती कांड्या! पाळी बदलली की दुसरा माणूस त्याच धोट्याला तोंड लावायचा. विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन रोग पसरतात म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली ती बंद केली. इंग्लंडला बंदी घालायला १९५२ उजाडलं.

मुंबईत ह्या तोंड लावण्यावरून वेगळंच झालं. अस्पृश्यानं तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण साचेवाले म्हणाले. झालं. साचेखातं आपल्या माणसांना बंद. तिकडं रोगाची भीती होती म्हणून पद्धत बंद केली. इकडं रोग चालला, पद्धत चालली, माणूस तेवढा चालला नाही.

साचेखात्यात काम कटावर, मजुरी जास्त. आपले लोक बहुतेक रिंगखात्यात, कमी पगारावर. कामावर घेणारा जॉबर, तो आपल्या जातीगावची माणसं भरणार. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. गाव सोडून, वतनाचं जू टाकून आपली माणसं ह्या भोंग्यांच्या मागं आली. गावात विहिरीवर जे होतं, ते इथं धोट्यावर येऊन बसलेलं दिसलं.

आणि विणणं आपल्या हाताला नवं होतं असंही कुणी म्हणू नये. विदर्भात महार पिढ्यान् पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये तिथं एम्प्रेस मिल निघाली. विलायती आणि गिरणीच्या कापडापुढं हातमाग बसले. ज्यांच्या घरात माग होता त्यांच्याच जातभाईला मुंबईच्या गिरणीत मागाजवळ उभं राहू देत नव्हते.

१९२८ हे साल लक्षात ठेवा. १९ मार्चला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं. एप्रिलमध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. अस्पृश्यांना साचेखात्यासकट सर्व खात्यांत काम मिळालं पाहिजे, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असं त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं. मागणी घातली, पण नाराजीनं घातली. आणि मालकांपुढं ती गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. खोटं नव्हतं ते! धोटा अडवणारा हात कामगाराचाच होता. म्हणूनच दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकच सांगितला असता तर धोट्याचा हिशेब लागला नसता. तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते लाल बावट्यांबरोबर संपात उतरले, हेही विसरू नका.

माझ्या आजीचे वडील मुंबईत रिंगखात्यात होते. तीस वर्षं. त्यांनी साचेखातं बाहेरूनच पाहिलं. १९५० मध्ये घटनेनं अस्पृश्यता रद्द केली, १९५५ मध्ये तिला गुन्हा ठरवणारा कायदा आला, पण ते वयानं वाकले होते आणि खात्याची रीत कायद्याच्या मागून लंगडत येत होती. लेकीच्या लग्नाची साडी त्यांनी मुंबईतून पगाराच्या पैशानं घेतली. सूत त्यांच्यासारख्याच कुणाच्या तरी बोटांतून गेलं असणार. कापड होऊन ते परत त्यांच्या हातात आलं. मधल्या एका खात्यात मात्र त्यांना पाय टाकता आला नव्हता. उजेडापुढं दिसणारी ती थांबलेली ओळ म्हणजे ते खातं, असं मला वाटतं.

साडी पांढरीच का घेतली? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली आणि बौद्ध झाली, बाबासाहेब स्वतः पांढऱ्या पोशाखात होते. ४ डिसेंबरला, म्हणजे जाण्याच्या दोन दिवस आधी, त्यांनी एका पत्रात बौद्ध लग्नाची रीत लिहून दिली. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मधे नवं मातीचं मडकं, काठोकाठ पाणी. पाण्यात सुताचा दोरा, त्याचं एक टोक वधूच्या हातात, दुसरं वराच्या. कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचं. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. बस्स. जगातला केवढा मोठा माणूस, आणि शेवटच्या दोन दिवसांत गरिबाच्या लग्नात खर्च कमी कसा होईल हे लिहीत होता.

७ डिसेंबरला दादरला चितेपुढं जे लाखो लोक बौद्ध झाले त्यांत आजीचे वडील होते. ते पत्र काही त्यांनी वाचलं नव्हतं. ही रीत चाळीतून तोंडातोंडी त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनी ती उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी नेली.

गावी पांढरं कापड बघून घरात रडारड झाली. आमच्या माणसांनी पांढरं कापड ओळखलं होतं ते मढ्यावरचंच. आजीची आजी उंबऱ्यात बसली आणि उठेना. "माझा जलम मढ्याच्या पांढऱ्यात गेला. आता नातीला बी लगनात त्येच नेसवता?" असं म्हणाली. ह्याला उत्तर काय द्यायचं? धम्मावर व्याख्यान द्यायला आजीच्या वडलांना येत नव्हतं. त्यांनी साडीची घडी मोडली आणि म्हातारीच्या नाकाशी धरली. "हुंग. कोरं हाय. खळीचा वास हाय. कुनाच्या मढ्याचा न्हाई." म्हातारीनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग उठली आणि तिनंच नातीला साडी नेसवली.

मित्रांनो, मनुस्मृतीचा दहावा अध्याय आमच्या घरात त्या दिवशी संपला. पुढच्या वर्षी, १९५८ ला, वतनं नष्ट करणारा कायदा झाला आणि मढ्याचं कापड कागदावरूनही गेलं.

इथं लेख थांबवला तर सगळं गोड होईल. पण मला खरं लिहायचं आहे. औंदा माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. तिला विधीनंतर पैठणी नेसायची आहे. चुलते भडकले. बाबासाहेबांनी पांढरं सांगितलं, ह्या पोरी पुन्हा त्यांच्याच शालूत शिरतात, म्हणाले. मीही त्यांच्या बाजूनं बोललो. पैठणीला पैसे किती, कर्ज किती, ते बोललो. हा तुकडा आणून सगळ्यांपुढं ठेवला, पुरावा म्हणून. आजी सगळं ऐकत होती. म्हणाली, "तिला काय हवं त्ये नेसू द्या. मला कुनी इचारलं न्हवतं."

मी गप्प झालो. तिला विचारलं, तुला पांढरं नको होतं का? म्हणाली, नको होतं असं नाही. मैत्रिणींच्या अंगावर हिरवं बघितलं होतं, हिरवा चुडा बघितला होता, तसं वाटलं होतं. नेसल्यावर बरं वाटलं. पुढं अभिमान वाटला. पण विचारलं नाही कुणी. आणि दोरा पाण्यात भिजून हातातनं सारखा निसटत होता, त्याचं भ्या वाटत होतं, की सुटला तर काय होईल.

ह्या वीतभर कापडात ही ओळसुद्धा आहे आणि ती मला इतकी वर्षं दिसली नव्हती. महाडला बाबासाहेब बायकांकडं तोंड करून बायकांशी बोलले होते. आपण बायकांबद्दल आपसात बोलतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, विचारून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. ते वाचून पुढं किती कार्यकर्त्यांनी आपल्या घरच्या म्हातारीला विचारलं? मी तर नव्हतं विचारलं. कुठलं कापड नेसू नये हे दुसऱ्यानं ठरवायचं, ह्याच्याशी तर आपलं भांडण होतं. मग नेसावं कोणतं हेही बाईनं ठरवावं. पैठणीच्या कर्जावर मी अजून भांडणार आहे, पण तिच्याशी भांडणार, तिच्याबद्दल चुलत्यांशी नाही.

आता शेवटचं. कुणी म्हणालं हा तुकडा फ्रेम करून विहारात लावा. आजी नको म्हणाली. मलाही नको वाटतं, त्याला हार पडायला लागेल. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे जपून ठेवले आहेत, ते राहिलेच पाहिजेत. पण त्या लाखोंच्या अंगावर जे पांढरं होतं त्यातलं किती राहिलं? ते ट्रंकांत आहे, गोधड्यांच्या पोटात आहे. आणि त्या दिवशी जी पोरगी पंधरासोळाची होती ती आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. थोडी वर्षं उरली आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच काम सांगतो. मोर्चाइतकंच हे काम आहे. आपापल्या घरी जा. म्हातारीच्या ट्रंकेत काय आहे ते तिच्या परवानगीनं बघा. तुकडा सापडला तर एका कागदावर लिहा, कुणाचं, कुठल्या गावचं, कधी नेसलं, कुणी घेतलं, किती पगारातून घेतलं. आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहा, आपले मोठे शब्द त्यात घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती फडक्यात गुंडाळा, उन्हाला आणि ओलीला लांब ठेवा.

मी आमच्या तुकड्याचा कागद लिहिला आणि आजीला वाचून दाखवला. तेव्हा तिला विचारलं, गोधडी शिवताना एवढाच तुकडा का गं काढून ठेवलास? म्हणाली, "पुढं कुनी इचारलं तर दावायला असावा म्हनून."

जयभीम.